सातवा टप्पा

चारुलतानं साखळी तीनच टप्प्यांची आखली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. ती सात टप्प्यांची झाली याला ती एकटी जबाबदार नव्हती. पण कंपनीत कुठल्याच गोष्टीला कुणी एकटं जबाबदार नसतं, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

कंपनी चाकणची. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट प्रेसवर दाबून काढायचे आणि मोठ्या कंपन्यांना पुरवायचे, हा धंदा. चारुलता तिथं सोळा वर्षं सॉफ्टवेअर सांभाळत होती. पिंपळे गुरवहून सकाळची कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस उलटी, आणि मधे दिवसभर ‘मॅडम, लॉगिन होत नाही’, ‘मॅडम, पासवर्ड विसरलो’. मालकांचा मुलगा केयूर बाहेरून शिकून आला, डायरेक्टरच्या खुर्चीत बसला आणि त्यानं ठरवलं की आता कागद बंद. रजा, गेटपास, पाळीबदल, सगळे अर्ज फोनवरून. कामगारानं अर्ज भरायचा, तो आपोआप एका साहेबाकडून दुसऱ्याकडे जाणार, प्रत्येकानं हिरवं बटण दाबायचं, आणि शेवटचं बटण दाबलं गेलं की पाळीचं वेळापत्रकसुद्धा आपोआप बदलणार. कुणी कुणाच्या टेबलाशी हात जोडून उभं राहायला नको. कल्पना चांगलीच होती. चारुलताला ती मनापासून पटली होती, आणि त्या वयात तिला फारसं काही मनापासून पटत नसे.

कायमच्या पाळीबदलासाठी तिनं तीन नावं घातली: सुपरवायझर, प्लँट हेड आणि हजेरी बघणारं टाइम ऑफिस. मीटिंगमध्ये पडद्यावर ती तीन नावं दिसली मात्र, आणि लग्नपत्रिकेत एखाद्या काकाचं नाव राहिल्यावर होतं ते झालं. क्वालिटीवाले म्हणाले, आमच्या टेबलावरची माणसं हलवणार आणि आम्हाला विचारणार नाही? प्लॅनिंगवाल्यांनी खुर्ची मागे सरकवली. शॉपचे इनचार्ज नुसतेच गप्प बसले, आणि ते गप्प बसले म्हणजे रागावले हे सगळ्यांना ठाऊक होतं. बसेस बघणारा माणूसही म्हणाला, कुठल्या पाळीला किती बायका हे मला कळायला नको? चारुलता बिचारी नावं घालत गेली. सात टप्पे झाले तेव्हा कुठं चहा आला.

एवढं कमी होतं म्हणून केयूरनं एक सूचना केली. अर्ज कुणापाशी अडकलाय ते कामगाराला दिसू द्यायचं नाही, नाहीतर लोक त्या माणसाच्या मागे लागतात. कामगाराच्या फोनवर फक्त ‘प्रतीक्षेत’ असं दिसावं. चारुलताला हे खटकलं होतं. पण दुपारचे तीन वाजले होते, मीटिंग अकराला सुरू झाली होती, आणि तिनं वाद घातला नाही. तिचे निम्मे निर्णय अलीकडे असेच होत.

ही नोव्हेंबरातली गोष्ट. फेब्रुवारीत एका बुधवारी सकाळी रंगराव तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. रंगराव म्हणजे फायनल इन्स्पेक्शनचा सुपरवायझर. खेडकडचा, जुन्या गावकीतला, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्या दिवशी मात्र आवाज बसलेला होता.

“म्याडम, इंदुताईचं नाव हजेरीपटावरून उडालंय. तुमाला म्हाईत हाय का?”

चारुलताला माहीत नव्हतं. सलग आठ दिवस मंजुरीशिवाय गैरहजर राहिलं की नवव्या दिवशी काम सोडून गेल्याचं पत्र आपोआप निघतं, ही सोय तिनंच बसवली होती. पण सोय बसवणारं माणूस काही रोज निघणारी पत्रं वाचत बसत नाही.

“का येत नव्हत्या त्या?”

“कशी येनार? तिच्या मालकाला लकवा मारलाय, दीड वर्स झालं. दिवसा पोरगी असती घरी, ती चारला कामावर जाती. सेकंड शिफ्टच्या महिन्यात संध्याकाळी शेजारची सुभद्राबाई बघायची त्यांच्याकडं. ती म्हातारी एक तारखेपास्नं आकुर्डीला लेकाकडं गेली. म्हनून इंदुताईनं अर्ज केला, मला कायमची फस्ट शिफ्ट द्या. सात जानेवारीला केला. मी त्याच दिवशी बटन दाबलं.”

“मग?”

“मग काय? एक तारखेला यादी आली तर हिचं नाव सेकंडलाच. आता यादी तुमचं सॉफ्टवेअर काढतंय. आधीसारखी माझ्या हातात असती तर पेनानं खोडली असती की.” रंगराव खुर्ची ओढून बसला. “मला वाटलं वरनं न्हाई म्हनले. मग मलाच तोंड दाखवायची लाज वाटाया लागली. चौदा वर्सं बाई माझ्या टेबलाला हाय. हातात पार्ट घेतला की मापाचं गेज लावायच्या आधी सांगती, ह्यो गेला म्हनून. असं मानूस मी कुठनं आनू?”

चारुलतानं सुस्कारा टाकला. या साहेबांना तिनं दोन-दोनदा शिकवलं होतं. क्वालिटीवाल्यांना तर त्यांच्या टेबलावर जाऊन, त्यांचं बोट धरायचं तेवढं बाकी ठेवून. तरी कुणीतरी मेल उघडलेला नसणार.

“मी मरमर मरून सगळ्यांना सांगितलंय रंगराव, की रोज सकाळी एकदा बघा,” ती वैतागून म्हणाली. “एक मिनिटाचं काम असतं. तेवढंही यांच्यानं होत नाही. थांबा, कुणापाशी अडकलंय ते आत्ता दाखवते.”

तिला सगळं दिसत असे. तिनं इंदुताईंचा अर्ज उघडला. पडद्यावर सात ओळी आल्या. रंगराव उठून तिच्या पाठीमागे आला आणि काचेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला.

“हे माझं. सात तारीख, दहा वाजून चार मिनिटं. हिरवं. हे इनचार्जसायबांचं, हिरवं. प्लॅनिंग, हिरवं. क्वालिटी, बसवाला… ह्येनं बी दाबलंय. प्लँट हेड, चौदा तारीख, हिरवं.” बोट खाली आलं आणि थांबलं. “आन् ह्यो सातवा लाल हाय, दाबलाच न्हाई. म्याडम, हे तर तुमचं नाव हाय.”

चारुलतानं ते त्याच्या आधीच वाचलं होतं.

सातवा टप्पा लक्ष्मणरावांचा होता. टाइम ऑफिसचे लक्ष्मणराव डिसेंबरअखेर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी चारुलता त्यांचं खातं बंद करायला बसली. सॉफ्टवेअर ऐकेना. टप्पा रिकामा ठेवता येणार नाही, कुणाचं तरी नाव द्या. त्यांच्या जागी येणारा माणूस पाच तारखेला रुजू व्हायचा होता, म्हणून चार दिवसांपुरतं तिनं स्वतःचं नाव घातलं. तो माणूस आलाच नाही, दुसऱ्या कंपनीत गेला. कायमच्या पाळीबदलाचे अर्ज वर्षातून दोन-तीन येतात, तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सॉफ्टवेअरचे दिवसाला तीनशे मेल येतात म्हणून ते सगळे एका वेगळ्या कप्प्यात पडावेत अशी व्यवस्था तिनं पूर्वीच केली होती. कप्प्याला नाव दिलं होतं, ‘नंतर बघू’. इंदुताईंचा अर्ज तिथं अठ्ठावीस दिवस पडून होता.

रंगराव रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, “व्हतं असं,” आणि प्रेसच्या आवाजात निघून गेला. ते तिला जास्त लागलं.

ती तशीच उठून केयूरच्या केबिनमध्ये गेली आणि जे झालं ते सांगितलं, काही न लपवता. केयूर वाईट माणूस नव्हता. तो नीट ऐकून घेत होता, आणि ऐकता ऐकता कुणाचंही नुकसान होणार नाही असा मार्ग शोधत होता. अशा माणसांना तो सापडतोच.

“मॅडम, सरळ आहे. कारण ‘तांत्रिक अडचण’ टाका. बाईंना नव्यानं घेऊ. फर्स्ट शिफ्ट देऊ. हवं तर त्याच टेबलावर.”

“नव्यानं म्हणजे सर, त्यांची चौदा वर्षं…”

“पत्र मागे घ्यायचं तर ‘अधिकाऱ्याची चूक’ असं टाकावं लागेल. मग तुमच्या नावानं मेमो निघतो. तो रेकॉर्डला राहतो.” त्यानं आवाज खाली आणला. “एप्रिलपासून दोन्ही प्लँट तुमच्याकडे द्यायचं चाललंय. वडिलांशी बोललोय मी. आत्ता हे नको. आणि खरं सांगा, चूक सिस्टीमचीच ना? टप्पा रिकामा ठेवता येत नाही हा काय प्रकार आहे?”

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. दोनदा तिच्या डोक्यावर दुसरं माणूस आणून बसवलं होतं. आणि सिस्टीमची चूक म्हणायला काही कठीण नसतं, अख्खी कंपनी दिवसभर तेच म्हणते. ती म्हणाली, “बरं सर.” म्हणाली आणि केबिनबाहेर आली. तिला स्वतःची शरम वाटली, पण ती शरमही दमलेली होती, तिच्यानं फार वेळ उभं राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, सुट्टीचा. ती रिक्षा करून चिखलीला गेली. तोंडावर सांगावं, एवढं तरी आपण करावं, असं तिनं ठरवलं होतं. काय सांगायचं तेही ठरवलं होतं: सॉफ्टवेअरमध्ये अडचण झाली, आता मिटली, शुक्रवारपासून या. खाली वर्कशॉप आणि वर खोल्या अशी ती इमारत होती. लेथच्या आवाजात ती तीन जिने चढली.

दार उघडंच होतं. इंदुताईंचे यजमान सोपानराव खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. खाली फरशीवर इंदुताई दोन पोत्यांच्या मधे बसून रबराच्या वायसरांची जादा कड लहान कात्रीनं कापत होत्या. वस्तीत असं काम घरी द्यायला येतात, किलोवर. मॅडमना बघून त्या उठल्या, पदरानं हात पुसले आणि आधी पाणी आणलं.

“बसा मॅडम. तुम्ही कामून आलात एवढ्या लांब?”

चारुलता पाणी प्यायली. “तुमच्या अर्जाचं सांगायला आले इंदुताई. तो नामंजूर झालेला नव्हता.”

“म्हंजे?”

“कुणीच नाही म्हटलं नव्हतं.”

इंदुताईंनी हळूच विचारलं, “रंगरावभाऊंनी कधी दाबलं व्हतं?”

“पहिल्याच दिवशी. सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी.”

इंदुताई मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. चारुलताची ही अपेक्षा नव्हती.

“मी त्यांच्याशी बोलले न्हाई मॅडम,” त्या म्हणाल्या. “आखरी दोन आठवडे त्यांच्याकडं बघितलं बी न्हाई. मला वाटलं, त्यांनीच न्हाई म्हटलं, आन् तोंडावर सांगायची हिंमत न्हाई म्हणून गप हायेत. रोज फोन उघडायचे, रोज तेच, प्रतीक्षेत. इचारावं कुणाला? नाव तर दिसत न्हाई. मग सगळ्यांकडंच बघायचे, ह्यांनी म्हटलं आसंल का, त्यांनी म्हटलं आसंल का. एवढ्या वर्सांची माणसं, सगळी एकदम वाईट दिसाया लागली मला.”

सोपानराव खुर्चीतून काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, पण सूर समजावणीचा होता. इंदुताईंनी डोळे पुसले.

“मंग अडवलं कुणी?”

इथं चारुलतानं ठरवलेलं वाक्य म्हणायचं होतं. ते वाक्य तयार होतं, गुळगुळीत होतं, आणि त्यात कुणाचंच नाव नव्हतं. पण समोरची बाई महिनाभर नावच शोधत होती.

“मी,” ती म्हणाली. “सहा जणांनी दाबलं. सातवं बटण माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी मेल उघडला नाही.”

इंदुताईंनी तोंडावरचा पदर खाली केला.

“कधी आला व्हता तुमच्याकडं?”

“चौदा जानेवारीला.”

“संक्रांत व्हती,” इंदुताई म्हणाल्या. “त्या दिवशी कँटीनमधी मी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला. तुम्ही म्हनलात, मालक कसे आहेत.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर चारुलताला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. “तोंडानं इचारलं असतं मी. तिथंच इचारलं असतं. पण तुम्हीच सांगितलं व्हतं ना टरेनिंगमधी, की आता कुणाला काई इचारायचं न्हाई, फोनावर आपोआप कळतं.”

सांगितलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं.

“उद्यापासून या तुम्ही,” चारुलता म्हणाली. “फर्स्ट शिफ्ट. तुमचंच टेबल.”

“आन् हे?” इंदुताईंनी फळीवरून घडी घातलेलं पत्र काढलं. बघून बघून ते घडीवर फाटायला आलं होतं. “पोरीनं, पिंकीनं वाचून दाखवलं मला. स्वेच्छेनं काम सोडून निघून गेल्या. मी निघून गेले न्हाई मॅडम. ह्याआधी चौदा वर्सांत एक दिवस न सांगता राहिले न्हाई, ह्यांना लकवा झाला त्या दिवशी बी दवाखान्यातून फोन केला व्हता. नव्यानं घेणार असाल तर मला न्हाई यायचं. वायसर कापून खाईन. हे जे लिवलंय ना, हे तेवढं मागं घ्या.”

चारुलतानं पर्समधून फोन काढला. पत्र मागे घ्यायचा अर्ज तिच्या ॲपमध्ये होता. त्याला दोनच टप्पे होते, सुपरवायझर आणि डायरेक्टर. नोव्हेंबरातल्या त्या मीटिंगमध्ये या साखळीत नाव घाला असं कुणीच म्हणालं नव्हतं. चूक दुरुस्त करायचा मान सहसा कुणी मागत नाही. कारणांची यादी उघडली. बोट क्षणभर ‘तांत्रिक अडचण’वर थांबलं, कारण ते वर होतं आणि सवयीचं होतं. पण ते दाबलं तर पुन्हा नव्यानंच भरती होणार होती. मग तिनं खालचं ‘अधिकाऱ्याची चूक’ निवडलं आणि मोकळ्या चौकटीत टाइप केलं: मंजुरी माझ्याकडे होती. मी अठ्ठावीस दिवस अर्ज उघडला नाही. इंदुताईंची काहीही चूक नाही. चारुलता.

तिनं ते इंदुताईंना वाचून दाखवलं आणि पाठवलं.

रंगरावचं बटण मिनिटाभरात हिरवं झालं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस फोन हातात धरूनच बसला होता की काय, कोण जाणे. त्यानंतर काही झालं नाही. इंदुताईंनी चहा टाकला. चहा प्यायला गेला, कप विसळून झाले. मग केयूरचा फोन आला. ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

“मॅडम, हे काय लिहिलंय तुम्ही? काल आपलं ठरलं होतं ना?”

“हो सर.”

“मेमो आपोआप निघेल. मी थांबवू शकणार नाही.”

“माहीत आहे सर. तो मीच बसवलाय.”

“एप्रिलचं मग अवघड होईल. वडील रेकॉर्ड बघतात.” तो थांबला. “असं करू, आत्ता राहू दे. सोमवारी शांतपणे बसून बोलू.”

तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले. एप्रिल, दोन प्लँट, काचेची केबिन, हे सगळं तिला हवं होतं. अजूनही हवं होतं. ते सोडताना मोठं काही केल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं, फक्त पाय दुखत होते.

“सर, राहू दे म्हणून ठेवलं की ते राहतंच,” ती म्हणाली. “मी इथं त्यांच्या दारात उभी आहे. तुम्ही आत्ता दाबा. दाबल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.”

“ठीक आहे,” केयूर म्हणाला. मग आतल्या खोलीत इंदुताईंचा फोन वाजला, आणि पाठोपाठ चारुलताच्या हातातलाही. तिचा मेमो होता.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला ती इन्स्पेक्शनच्या टेबलाकडे गेली. इंदुताई सातला आल्या होत्या. आल्या आल्या त्या आधी रंगरावकडे गेल्या आणि दोघं रडली, असं तिला बसवाल्यानं सांगितलं. आता त्या टेबलाशी उभ्या होत्या, डाव्या हातात पार्ट, उजव्या हातात गेज. चारुलता पलीकडच्या बाजूला थांबली. रात्रभर तिनं जे म्हणायचं ठरवलं होतं ते जिभेवर आलं.

“इंदुताई, मला तुमची…”

“मॅडम, माफी मागू नका,” इंदुताई पार्टवरची नजर न काढता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तुम्ही मागितली की मला द्यावी लागंल. आत्ता माझ्यात तेवढं त्राण न्हाई.”

त्यांनी तो पार्ट चांगल्याच्या पेटीत ठेवला आणि पुढचा उचलला. चारुलता ‘बरं’ म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे परत गेली.